लाल पट्ट्याची जाडी

टेलिफोनचा बोर्ड जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी इस्पितळात त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. आता त्या तळघरात बसून नेटवर्क सांभाळत. पडद्यावर दिवसभर आलेख सरकत असे: खाली निळा पट्टा राखीव प्रतींचा, म्हणजे बॅकअपचा, त्यावर हिरवा कचेऱ्यांचा आणि सगळ्यांच्या डोक्यावर लाल, एक्स-रे विभागाचा. बाईंचं निदान चुकत नाही अशी ख्याती होती. ती बाईंच्याही कानावर होती, आणि आवडतही होती.

सोमवारपासून दुपारचे दोन वाजले की नेटवर्क रडतखडत चालू लागलं. बाईंनी पाहिलं, लाल रेघ थेट छताला टेकलेली. झालं! फोन उचलून त्यांनी एक्स-रेवाल्याला फैलावर घेतलं.

"केवढं पाठवताय तुम्ही! जरा आवरतं घ्या."

"हो बाई, बघतो," तो बिचारा म्हणाला.

साहेबांकडे अहवालही गेला. गुरुवारी चार वाजता एक्स-रेचा वेग निम्म्यावर आणायचं ठरलं. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना फोटोची वाट बघत बसावं लागलं असतं, पण अहवालावर बाईंची सही म्हटल्यावर कोण हरकत घेणार?

गुरुवारी साडेतीनला बाई तयारीला बसल्या. चष्मा पुसून माउस हातात घेतला आणि नेमकं चुकून निळ्या नावावर क्लिक झालं. निळा पट्टा गायब झाला आणि वरचे दोन्ही धपकन खाली आले. लाल तर अगदीच किरकोळ. बाईंनी सोमवारची दुपार आणि मागचा आठवडा काढून पाहिला. लाल दोन्हीकडे सारखाच. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला उंच म्हणावं, तसं झालं होतं. फुगला होता तो खालचा निळा.

आणि निळ्याचं वेळापत्रक रविवारी कोणी बदललं होतं? बाईंनीच. रात्री दोनला निघायच्या प्रती दुपारी दोनला निघत होत्या. बाईंचे कान तापले.

त्यांनी प्रती थांबवल्या, वेळ सुधारली आणि तडक साहेबांची खोली गाठली. "अहवाल चुकीचा आहे. चूक माझी."

"तुमची?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पण हुकूम मागे घेतला.

एक्स-रे विभाग तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातच तो एक्स-रेवाला भेटला, घामाघूम, मुठीत पेन ड्राइव्ह.

"हे काय?"

"तुम्ही आवरायला सांगितलंत ना. सोमवारपासून दुपारचे फोटो मीच ऑपरेशनच्या खोलीत नेऊन देतो. दहा-बारा खेपा होतात."

"अहो, पण खरंच तुमचं वाढलंय का, हे तपासलं नाहीत?"

"तुम्ही म्हणालात ना, बाई. मग त्यात तपासायचं काय?"

बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या ख्यातीची लाज वाटली. त्यांनी हात पुढे केला.

"तुमचं काही वाढलेलं नाही. चुकले मी. द्या इकडे, ही खेप माझी."