पडद्यापलीकडचा हुंकार

त्या नाताळात माझी प्रार्थना सुटली होती. देवावर रागावून सोडली म्हणावं, तर रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. डोळे मिटले की शब्दच यायचे नाहीत. माझे यजमान धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते. घशाच्या कर्करोगाने त्यांचा आवाज गेला होता, आणि आता घरच्यांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरची म्हणजे मी एकटीच.

नाताळच्या आदल्या दिवशी यांनी येशूजन्माची गोष्ट सांगायची आणि मी करंज्या तळत हुंकार द्यायचा, हा आमच्या घरचा लग्नापासूनचा रिवाज. हुंकार चुकला की हे रुसायचे. "भिंतीले सांगू का वं?" म्हणायचे. गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी योसेफ जागेसाठी दारोदार फिरू लागला की माझ्या हातून एखादी करंजी करपायचीच.

त्या वर्षीही तो दिवस आला. दुपारी यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवले. मला कळलं. गोष्ट हवी होती, आणि ती आता मीच सांगायची होती. मी मुळात बोलायला कच्ची, त्यात मन कोरडं ठणठणीत. तरी सुरुवात केली. मरिया आणि योसेफ नाव नोंदवायला बेथलेहेमला निघाले, इतकं सांगून थांबले. सवयीने हुंकाराची वाट पाहिली. यांच्या घशातली नळी तेवढी घरघरली. धर्मशाळेत जागा नव्हती, इथवर कशीबशी आले आणि पुढचं सुचेचना. जन्मभर यांनी मला दिलेली एक गोष्ट, तीही जाताना परत देता येऊ नये, या विचाराने मला रडू कोसळलं.

तेवढ्यात दोन खाटांमधल्या पडद्यापलीकडून आवाज आला, "हूं. मंग?"

शेजारच्या खाटेवर भिवापूरकडचा एक तरुण अपघातानंतर बेशुद्ध पडून होता. आवाज त्याच्या आईचा होता. "थांबली काहून वं बाई? पोटुशी बाई रस्त्यावर उभी हाये, अन् तू रडून राहिली? सांग. माह्या पोराच्या कानावरही पडू दे."

मी सांगू लागले. गव्हाणीचं ऐकून ती म्हणाली, "बरं झालं, गोठ्यात ऊब असते." मेंढपाळ येऊन गेले, पूर्वेकडचे ज्ञानी येऊन गेले. मग या बाळाच्या धास्तीने राजाने गावातली तान्ही मुलं मारायला लावली, तो भाग आला. पलीकडे तो मुलगा तसा पडलेला. मी तेवढं गाळून पुढे निघाले, तर यांनी माझा हात दाबला आणि मान हलवली. गोष्ट अर्धी सांगायची नाही, हा यांचा हट्ट मरणाच्या दारातही कायम होता. मी सांगितलं. या वेळी हुंकार आला नाही. मग तिने हळूच विचारलं, "त्या मायांचं काय झालं?"

"गोष्टीत नाही सांगितलं," मी म्हणाले.

"हूं," ती म्हणाली. "मंग?"

मी गोष्ट शेवटाला नेली. यांचे डोळे मिटले होते, चेहरा सैलावला होता. मीही डोळे मिटले, आणि कित्येक आठवड्यांनी शब्द आले: प्रभू, तुझ्या हाती. यांना बरं कर, असं या वेळी मागितलं नाही.

नाताळच्या सकाळी हे गेले. तो मुलगाही जागा झाला नव्हता. मी देवाला इतके दिवस उत्तर मागत होते, ते काही मला मिळालं नाही. मी बोलत असताना कोणीतरी ऐकत होतं, एवढंच मिळालं, आणि त्या दुपारी मला ते पुरलं.

यांना बाहेर नेताना पडदा जरा सरकलेला होता. ती मुलाच्या उशाशी बसून त्याच्याशी बोलत होती. "तू एवढासा होता. मिरचीच्या वावरात लपून बसला, अन् मी हाका मारून मारून थकली..." इतकं बोलून ती थांबली. मुलगा निपचित होता. सोबतची माणसं मला चला म्हणत होती. प्रभूचे आभार कसे मानावेत, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी पडद्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हूं. मंग?"