एकाच चाकाखाली जॅक

सदर गॅरेज ही भावाबहिणीची भागीदारी असून उभयतांस समान अधिकार आहेत. थोरल्या भागीदार स्वभावाने शांत असून धाकट्यांचे अपराध पोटात घालतात.

ताईने वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार उघडली होती. गाडीचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत इंजिनचा जोर वाटून देणारा भाग, साधा नव्हता. एक चाक घसरलं की तो दुसऱ्याला जोर देई. आतल्या झिजलेल्या चकत्या बाजारात मिळेनात, म्हणून ताईने त्या स्वतः घडवून बसवल्या. उद्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी आज संध्याकाळी त्यांना या गाडीतून एक फेरी हवी होती.

"तपासायचं तर मागची दोन्ही चाकं उचल," असं बजावून ताई हात धुवायला गेली. धाकट्याने सवयीने एकच उचललं आणि गिअर टाकला. साध्या गाडीचं वरचं चाक नुसतं गरगरलं असतं. इथे जमिनीवरच्या चाकाने जोर धरला आणि गाडी जॅकवरून उडी मारून भिंतीत घुसली.

"म्हणजे काम फक्कड झालंय, ताई," तो सीटवरूनच म्हणाला.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? रेडिएटर फुटलाय, चाक वाकलंय. आता बाबांना काय, भिंत दाखवायला आणू?"

"मला वाटलं, एकाने भागेल."

"तुला वाटतं आणि मी निस्तरते. जन्मभर हेच."

बाबा ठेवणीतले कपडे घालून बसले होते. त्यांना सांगायला तीच गेली. परत आल्यावर तिने गॅरेजचं कुलूप बदललं. नव्या कुलपाची किल्ली एकच आहे, आणि ती ताईकडे असते.