मुहूर्ताचा पीस

आनंदनगरच्या आमच्या कंपनीत मी प्रेसवर बसायचे, पत्र्याचे पीस कापायला. शेजारच्या प्रेसवरचा बाप्या तेच काम करायचा, पण त्याच्या कार्डावर 'ऑपरेटर' आणि माझ्या कार्डावर 'हेल्पर'. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, "दसऱ्यानंतर बघू, ताई." दसरे येत होते, जात होते. त्या वर्षी मात्र त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला, यंदा ऑपरेटरचं कार्ड नक्की. मी येडी, आमच्या गावात, चामटोलीत, पेढे वाटून मोकळी!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा. ज्याची मशीन त्यानेच नारळ फोडायचा आणि पूजेनंतरचा पहिला पीसही त्यानेच काढायचा. तो मुहूर्ताचा पीस. तो ज्याने काढला, वर्षभर मशीन त्याची. बायकांनी रांगोळी घालायची, शिरा वाटायचा आणि लांब उभं राहायचं. मी घरून नारळ नेला. प्रेस पुसली, तेल दिलं, झेंडूचा हार घातला.

फोरमन आला, सोबत त्याचा मेहुणा. कालच कामाला लागलेला.

"हा नवीन ऑपरेटर. नारळ इकडे दे."

"का म्हणून? मशीन माझी आहे."

"बाईचा नारळ मशीनला चालत नाही. लोकांची बोटं तुटतील वर्षभर. जा, शिरा वाट."

माझं डोकंच सटकलं. फोरमनने मनगट पिरगाळलं, तरी नारळ सोडला नाही. मग त्याने असं ढकललं की कपाळ प्रेसच्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त भळाभळा डोळ्यात आलं. शेडमधला एक मेला जागचा हलला नाही. पॅकिंगमधली मावशी तेवढी ओरडली, "अगं, दे ना गं बाई तो नारळ! जीव घेईल तो तुझा!"

दिला. प्रेसवर इतक्या जोरात आपटून दिला की करवंटीचा तुकडा उडाला आणि फोरमनचा गाल फाटला. त्याने आईवरून शिवी घालून माझ्या कानाखाली काढली. मी तिथलाच पाना उचलून त्याच्या हातावर घातला. तो हात धरून खाली बसला, आणि आता मात्र सगळे धावले. त्याच्याकडे!

तेवढ्यात मी पत्रा लावला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. धाड! पीस खाली पडला. रक्ताच्या बोटांनीच उचलला आणि ओढणीत बांधला.

मॅनेजर आला. फोरमनला गाडीतून दवाखान्यात पाठवलं. माझ्याबद्दल म्हणाला, "ही पाय घसरून पडली." मग मला म्हणाला, "आता माफी माग, नाहीतर चालू लाग."

"माफी? माझी चप्पल मागेल माफी," म्हटलं आणि निघाले. मावशीने पूजेच्या फडक्याने माझं कपाळ बांधलं. गेटजवळून मागे पाहिलं, तर प्रेसवर गोमूत्र शिंपडत होते. रक्त तिथे फोरमनचंही पडलं होतं. पण प्रेस बाटली म्हणे माझ्या रक्ताने! त्या घावापेक्षा हे जास्त लागलं, अजून लागतं.

तो पीस आमच्या देव्हाऱ्यात आहे. आता मी बदलापूरला एका छोट्या गाळ्यात प्रेसवर बसते. कार्डावर तिथेही 'हेल्पर'च. परवा मशीनची पूजा आहे. नारळ मी आणून ठेवलाय, चांगला जड बघून.