मित्राची केस घ्यायची नाही

दारू सुटलेल्या माणसानं दारू सोडू पाहणाऱ्याच्या शेजारी बसायचं, एवढंच ते काम. पण त्यालाही आता प्रशिक्षण लागतं, परीक्षा लागते, सर्टिफिकेट लागतं. मी धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, दारू सुटून काही वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी रोह्याहून एसटीनं पेणला जायचो आणि एका शाळेच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचो. बायको म्हणायची, "प्यायला कुणी शिकवलं नव्हतं, आता न प्यायचं शिकायला चाललेत!"

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं." घ्या! आमच्याकडे मयताला आलेला माणूसही लाकडं कशी रचावीत ते सांगतो. मी तोंड वाकडं केलं, तर शेजारचा हळूच म्हणाला, "गप ऱ्हा रे, पहिल्याच दिवशी घालवतील." तिथून आमची दोस्ती जमली.

तो पेणजवळच्या जोह्याचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. दारूपायी एकदा ते काम गेलं होतं. सोडल्यावर हात पुन्हा बसला आणि मालकानं परत बोलावलं, याचा त्याला फार अभिमान. सरावात एकानं पिणारा व्हायचं, दुसऱ्यानं ऐकणारा. तो पिणारा झाला की वर्ग हसून लोळायचा. पण ऐकणारा झाला की असा काही बसायचा, की बायकोलाही न सांगितलेलं मी त्याच्याजवळ बोलून गेलो. दुपारी त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी आम्ही वाटून खायचो. एवढ्या उतारवयात असा मित्र मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

सर्टिफिकेट मिळायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या कारखान्यातून गणपतींचा पहिला ट्रक निघाला. ट्रक निघाला की बाटली फोडायची आणि पहिला ग्लास आखणीवाल्याच्या हातात द्यायचा, ही त्या कारखान्याची जुनी रीत. तो मान. मान नाकारला की मालकाचा अपमान, आणि हंगाम तोंडावर. त्यानं म्हणे नुसता ओठाला लावला. नुसता! अरे गाढवा, ओठाला लावून आजवर कुणाची थांबलीय? तुझी नाही, माझी नाही.

कार्यक्रमाला त्याची खुर्ची रिकामी राहिली. माझं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, आणि मी दाराकडेच बघत होतो. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावोजी, ते कामावर जाईत नाय. कुनाशी बोलीत नाय. तुमचंच नाव घेतात."

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मित्राची केस घ्यायची नाही, हे तुम्हाला शिकवलंय. जायचं तर मित्र म्हणून जा. केस दुसऱ्या कुणाला देऊ." राग आला. पण बाई खोटं बोलत नव्हती.

मित्र म्हणून गेलो. पडवीत बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीनं ठेवलेल्या, घरी आणलेलं काम तसंच पडलेलं. तो खाटेवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला बघून त्याचा चेहरा उजळला, तेच अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

"सायेब होऊन आलास की मित्र होऊन?"

"मित्र होऊन."

"मग एक क्वार्टर आन. सकाळपासून नाय मिळाली. हात बघ माझे."

बघवत नव्हते. मी म्हटलं, "चल, पेणला डॉक्टरकडं जाऊ. असं औषधाशिवाय एकदम बंद करणं बरं नाय, तुलाही ठाऊक हाय. मी सोबत ऱ्हातो."

"आननार नाय?"

"नाय."

त्यानं हात परत मांड्यांखाली दाबले. मग म्हणाला, "मग त्या मॅडमचा दुसरा मानूस दे पाठवून. त्याच्यासोबत जातो दवाखान्यात. तू नको. तू परत या घरात पाय ठेवू नको." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मी तो न पिताच निघालो.

मी तिथूनच मॅडमना फोन केला. आमच्याच वर्गातली पेणची एक ताई लगेच आली, आणि तो खरंच तिच्यासोबत गेला. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं.

त्यानंतर वहिनी माझा फोन उचलत नाहीत. त्यानं बजावलं असणार. शेवटी न राहवून त्या ताईला विचारलं, "कसा हाय तो? तेवढं सांग. दुसरं काय नको."

ती म्हणाली, "दादा, केसमधलं बाहेरच्याला सांगायचं नसतं. तुम्हाला माहीत हाय ना?"

माहीत होतं. परीक्षेत त्याच प्रश्नाचे मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. मी म्हटलं, "बरोबर हाय, ताई," फोन ठेवला, आणि रोह्याच्या स्टँडवर चार माणसांदेखत रडलो.