खंडेनवमीचा नारळ आणि यासीनची काच

एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून कोल्हापूरजवळ आठ दिवस मुक्कामाला होती. मी हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. मूळचा शिरोळचा. घरच्या अंगणात ड्युटी लागल्यासारखा जरा जास्तच मिरवत होतो.

खंडेनवमीला फौजेत शस्त्रांची आणि गाड्यांची पूजा होते. प्रत्येक गाडीपुढे नारळ फुटतो. सकाळी अकराला शेवटची गाडी उरली, लान्स नाईक यासीनचा थ्री टनर ट्रक. यासीन कागलचा. दुसऱ्या दिवशी कन्व्हॉय बेळगावला निघणार होता आणि वाटेत कागलच्या नाक्यावर त्याची आई उभी राहणार होती. दीड वर्षात मायलेकरांची गाठ पडली नव्हती आणि या मुक्कामातही कोणाला छावणीबाहेर सोडत नव्हते.

चाकाला लावलेल्या दगडावर मी जीव खाऊन नारळ आपटला. नारळ फुटलाच, पण दगडाचाही टवका उडाला आणि सरळ समोरच्या काचेवर बसला. वाटाण्याएवढा खड्डा पडला, त्याच्या कडेला केसाएवढी चीर.

यासीन म्हणाला, "हवालदारसाब, नारळ फोडलासा का गाडी?"

मला हसू आलं नाही. चीर वाढली की गाडी ऑफ रोड, म्हणजे चालवायला बंद, आणि तिचा ड्रायव्हर तिच्यासोबत मागे. स्पेअर काच नव्हती.

सुभेदारसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "सतरा शून्य शून्य. इन्स्पेक्शन."

"यस, साब."

काच दुपदरी होती आणि आतला पदर शाबूत होता, एवढंच नशीब. तापलेल्या काचेत चीर पळते, म्हणून गाडी आधी सावलीत घेतली. खड्डा स्पिरिटने धुतला, टाचणीने भुगा काढला. नर्सिंग असिस्टंटकडून सिरिंज आणली. लंगरातून कणीक मागवली आणि खड्ड्याभोवती तिचं आळं केलं. दोन नळ्यांतलं चिकटवायचं रेझिन एकत्र कालवून कोमट पाण्यात धरून पातळ केलं. सिरिंजने आतली हवा ओढली, मग रेझिन थेंब थेंब सोडलं. बुडबुडा राहिला. सगळं पुसून पुन्हा केलं. यासीन शेजारी उकिडवा बसून पुसायची फडकी पुढे करत होता. मला माझाच राग येत होता. दुसऱ्यांदा जमलं. मग गाडी उन्हात लावली आणि वाळल्यावर वरचा थर ब्लेडने तासला.

पाचला सुभेदारसाहेबांनी त्यावरून नख फिरवलं.

"गाडी फिट. हवालदार, यापुढे नारळ युनिटचे पंडितजी फोडतील."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. सव्वासातला कागल आलं आणि वायरलेसवर सुभेदारसाहेबांचा आवाज आला, "ऑल व्हेइकल्स, हॉल्ट. दहा मिनिटं. टायर चेक."

टायर सगळे ठीक होते. साहेबांनाही ते माहीत होतं.

यासीनची अम्मा भाकरीचं गठुडं घेऊन धावत आली. "वाळलास की रं!" म्हणत तिने रस्त्यावरच त्याला घास भरवायला सुरुवात केली. अख्खी प्लाटून बघत होती, पण यासीन लाजला नाही. मी मागच्या गाडीत बसून मनापासून खूश होतो.

त्यानंतर त्याला रजा मिळाली नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात पुढच्या चौकीवर दारूगोळा पोचवताना त्याच्या गाडीवर तोफेचा गोळा पडला. यासीन जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

लढाई संपल्यावर मी कागलला गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा ठरवलं होतं. पण दारात अम्माच आधी बोलली.

"त्या सकाळी माज्या हातनं खाल्लं की त्यानं. पोटभर बगितलं मी त्याला. आता तू बस, जेवून जा."

मी बसलो आणि जेवलो.