बत्तीशिवायचा फोटो

बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत खाली उतरायचे तेव्हा आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. माय रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांधीत वाकून धान रोवायची, बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम. बाबा तेव्हा ठेकेदाराकडे होते. काम कधी असायचं, कधी नसायचं. नसायचं त्या आठवड्यात भातावर नुसतं तिखट-मीठ. माझी दहावीची पुस्तकं दुसऱ्या मुलीची वापरून झालेली होती. तिनं उत्तरांखाली रेघा ओढून ठेवल्या होत्या, म्हणून मला अभ्यास सोपा गेला. हे रडगाणं नाही. त्याच घरातून मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली, आणि आज तुमसरला शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण एवढ्या वर्षांत आमच्याकडे बाबांचा एकही धड फोटो नव्हता. पदवीदानाच्या फोटोत मी काळ्या गाऊनमध्ये दात काढून उभी, आणि शेजारी बाबा मान खाली घालून, जणू परीक्षेत कॉपी करताना तेच पकडले गेले होते. पुढे बाबा खाणीत कायम झाले, पण पेन्शनच्या कागदांना लावलेले त्यांचे फोटो दोनदा परत आले, डोळे मिटलेले म्हणून. तिसरा कसाबसा चालला. त्यात एक डोळा अर्धा उघडा होता.

"यायले वाटते फोटोवाला जीवच काढून नेते," माय म्हणायची. हल्ली चढावर बाबांना दम लागतो. तेव्हापासून तिचं बोलणं बदललं. "उद्या कमी-जास्त झालं त भिंतीवर काय लावसान? झोपलेला माणूस?"

मला वाटायचं, बाबा लाजतात. खरं सांगते, कधी वाटायचं, माझ्या कॉलेजच्या लोकांसमोर त्यांना कमीपणा वाटतो. त्याचा रागही यायचा. ते निवृत्त झाल्यावर एकदा चहा पिताना सरळ विचारलंच.

"बाबा, फोटो काढतानी मान काहून खाली घालता?"

"फोटोसाठी कोन घालते? बत्तीसाठी घालतो."

मग त्यांनी सांगितलं. खाली प्रत्येकाच्या टोपीवर बत्ती असते. समोरच्याची बत्ती थेट डोळ्यांत गेली की थोडा वेळ पुढचं काही दिसत नाही, आणि तेवढ्यात पाय चुकला तर माणूस गेला. म्हणून उजेड अंगावर आला की मान खाली. चांगला कामगार बोलताना आपली बत्ती दुसऱ्याच्या छातीवर ठेवतो, तोंडावर कधी नाही. नवीन पोरं पहिल्याच दिवशी शिव्या खाऊन हे शिकायची.

"दुसऱ्याच्या तोंडावर बत्ती मारनारा खाली कोनालेच आवडत नाही," बाबा म्हणाले. "आन तुमचा फोटोवाला त तोंडावरच मारते."

इतकी वर्षं माझा राग फुकट गेला होता.

बाबांचा फोटो आता मीच काढायचा ठरवला. म्हणजे फ्लॅश नको. उन्हात बाबा डोळे बारीक करतात, म्हणून ऊनही नको. मोबाइलनं काढून पाहिलं. त्यानं स्वयंपाकघराचा अंधार पुसून टाकला आणि बाबांचा गाल गुळगुळीत केला. गालावरची खाणीतली काळी-निळी खूणच गायब. मला बाबा हवे होते ते सकाळचे. ते अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात आणि मागचं दार अर्धं उघडून चुलीजवळ चहा घेत बसतात. तेवढ्याच उजेडात.

कॉलेजात असताना मी सुट्टीत एका फोटो स्टुडिओत काम करायची. तिथल्या काकांनी दुकान कायमचं बंद करताना त्यांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा मला दिला होता. त्याच्या खिडकीतून पाहिलं की मधल्या चौकोनात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सची कडी फिरवत दोन्ही चेहरे एकावर एक आणले की फोकस झाला. शटरचा आवाज अगदी थोडा. पण त्याच्या लेन्सला आमच्याकडच्या ओलाव्यानं आतून बुरशी धरली होती. मी काकांकडे गेले. त्यांनी नागपूरच्या मित्राकडून दोन जुन्या लेन्स मागवल्या.

"आठ दिवस दोनी वापरून पाह्य. एक ठेव, एक वापस कर."

एक रशियन, पंच्याऐंशी मिलिमीटरची, लांब आणि जड. दुसरी जपानी, पन्नासची, बुटकी, काचेच्या कडेला ओरखडा असलेली. मोबाइलची टॉर्च मारून आत पाहिलं, दोन्ही साफ. उजेड घ्यायलाही दोन्ही सारख्याच. पण मी व्हिडिओ पाहून आधीच ठरवून आले होते.

"काका, लांबवाली बरी. चेहऱ्याच्या मांगचं सारं वितळून जाते म्हनते."

काका चष्मा पुसत होते. "तुह्या बाबाच्या मांगं कोन रायते?"

"माय रायते. भाकरी करत."

"मंग मायले कायले वितळवून राहिली?"

मी हसले, पण लांबवालीच आधी लावली. शिकलेल्या माणसाला एवढ्यात पटत नाही.

त्या लेन्सनं मला घराबाहेर काढलं. एवढ्याशा जागेत बाबांचा चेहरा मावेना, म्हणून मागे सरकत सरकत मी दाराबाहेर गेले. लेन्सच्या वजनानं हात खाली ओढला जाई, आणि कमी उजेडात शटर जरा जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात माझा श्वाससुद्धा फोटो हलवत होता. काकांनी माझ्यासाठी बंद पडलेली डार्करूम उघडली आणि रोल धुतला. बाबांचा कान लख्ख आला होता, कानावरचे केस मोजता येतील इतका. डोळे धुक्यात. जुन्या लेन्सचं आणि माझ्या कॅमेऱ्याचं माप किंचित जुळत नव्हतं, आणि लेन्स पूर्ण उघडली की दोन बोटांचीही चूक चालत नाही.

"कान मस्त आला," काका म्हणाले. "पेन्शनवाले पास करतीन."

मग पन्नासची लावली. आता मी बाबांसमोरच पिढ्यावर बसू शकत होते, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. बाबांनी कॅमेऱ्याकडे संशयानं पाहिलं.

"हे बत्ती नाही मारत?"

"नाही मारत."

"मंग बरं हाये."

चुलीतल्या जाळाचा ठिपका त्यांच्या डोळ्यात दिसत होता. कॅमेऱ्याच्या खिडकीतून तो दोन ठिपके होऊन दिसे. मी कडी फिरवत गेले, दोनाचा एक झाला. त्याच वेळी बाबा मायला म्हणाले, "साखर बंद झाली का आपल्या घरी?" आणि आपली बाजू घ्यावी म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला आणि बटण दाबलं. त्यांना कळलंही नाही.

"झालं का तुमचं?" माय म्हणाली. "चहा थंडा होऊन राहिला."

काकांनी डार्करूम दुसऱ्यांदा उघडली, यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. ओल्या कागदावर बाबा हळूहळू वर आले. या लेन्सचं चित्र थोडं मऊच येतं, दाराच्या उजेडाभोवती धुरकट कडा आली आहे. ओरखड्यानं काही बिघडवलं नाही. गालावरची खूण आहे. मागे माय आहे, पुसट, पण माझीच माय, तव्यावर हात धरलेली. जड लेन्स मी आभार मानून परत पाठवली.

फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावला आहे. बाबा त्यात सरळ समोर बघतात, दोन्ही डोळे उघडे. तो मी काढला आहे.