दोघंही ओ देत बसले

आमच्या दिग्रसात नेटच्या डिशा बसवायच्या तर शबानाले बोलवा. मोहिउद्दीन मेकॅनिकची ही पोरगी स्कुटीले शिडी बांधून गावभर हिंडते. शिडी लांब, जीभ त्याहून लांब, पण कामाले पक्की!

माझी लेक केतकी इथून जवळच्या खेड्यात नांदते. नोकरी पुण्याच्या कंपनीची, काम घरून. खेड्यात नेट नाही, म्हणून आमच्या घरचं नेट तिकडं पोचवायले शबानानं एक डिश आमच्या गच्चीवर, एक व्याह्यांच्या गच्चीवर, समोरासमोर लावली. "रत्नाकाकू, एकीनं हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची. दोघी ओरडल्या तर ऐकन कोण?" हाक आमच्या डिशकडं दिली. सेटिंग कुठं असते तेही तिनं दोन्ही घरच्या बाप्यांना मोबाइलवर दाखवलं. एवढंच तिचं चुकलं बाई.

व्याही वामनराव रिटायर हेडमास्तर. "मी मुलाचा बाप, मी काहून ओ देऊ?" म्हणून त्यांनी आपलीही डिश हाक मारणारी करून टाकली. झालं! भर मिटिंगमध्ये केतकीचं नेट गेलं. कंपनीनं बजावलं, सोमवारी पुन्हा असं झालं तर पुण्याले येऊन बसा. जावई सलील इथं शाळेत मास्तर, लग्नाले वर्षही नाही झालं. पोरगी ढसाढसा रडली. मले असा संताप आला म्हणता!

शबानानं जाऊन ती डिश पुन्हा ओ देणारी केली, अन् हेडमास्तरांना असं झापलं की ते गुमान ऐकत राह्यले.

आता आमच्या यांना, नीळकंठरावांना, कळवळा आला. व्याह्यांचा अपमान झाला, मुलीच्या बापानं लहान व्हावं, म्हणून त्यांनी गुपचूप आमची डिशही ओ देणारी केली. व्याह्यांना कळवलंही नाही. म्हणे, "मान सांगून कायले द्यायचा?"

सोमवारी मिटिंगच्या आधी नेट ठप्प! दोन्ही डिशा ओ द्यायले तयार, हाक कोणाचीच नाही. शबाना धावत आली, मोबाइल पाह्यला अन् गच्चीवरच हसत खाली बसली. "काका, तुम्ही पण?"

तिसरं एक सेटिंग होतं, डिशांनी आपसांत ठरवायचं. आमच्या डिशले तिनं तेच दिलं. पलीकडची ओ द्यायले बसलीच होती, ताबडतोब जुळलं. इथूनच तिनं तिकडचीही तशीच केली अन् दोन्हीचे पासवर्ड बदलले.

मिटिंग पार पडली. संध्याकाळी सगळे आमच्याकडं आले. केतकीनं सांगितलं, घरूनच काम करा म्हणाले. मी तर तिले मिठीच मारली.

तरी चहा घेता घेता वामनरावांनी विचारलंच, "शबाना, आता हाक कोणाची?"

यांनीही कान टवकारले.

"मले नाही माहीत," शबाना म्हणाली. "पोरगी पुण्याले नाही चालली, एवढं माहीत आहे. तुम्हाले आणखी काय पाह्यजे?"

मग वामनरावांनी डोळे पुसले अन् म्हणाले, "काहीच नाही बेटा. सून घरी राह्यली."